राष्ट्रांचा कारभार देवाकडे, शहराचे भले तुमच्याकडे



बंगळूरमध्ये सर्जापूर रोडवर आणि आसपास राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी हे लिहीत आहे. तुमच्यापैकी कोणी नगर-संगमनेरचे, कोणी पुण्या-मुंबईचे, कोणी जालना, कोल्हापूर, बेळगावचे. नोकरीपायी इथे आलात. इब्लूरपासून दोम्मसंद्र्यापर्यंत कुठेतरी भाड्याचे घर आहे, नाहीतर कर्ज काढून घेतलेले. आईवडील काही महिने गावी असतात, काही महिने तुमच्याकडे.

या घरांत एक भीती शिरली आहे. तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

कुठे युद्ध पेटले की फोनवर नकाशा येतो. नकाशावर लाल बाण असतात. खाली यहेज्केलाचे नाहीतर प्रकटीकरणाचे एखादे वचन असते. शेवटी लिहिलेले असते, 'काळ जवळ आला, दहा जणांना पाठवा.' आजी चष्मा लावून ते दोनदा वाचतात. मग रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी डबा दप्तरात ठेवताना नातू विचारतो, "आजी, माझी दहावी व्हायच्या आधीच सगळं संपणार का?"

ज्या घरी असे नकाशे येत नाहीत, तिथे भीती दुसऱ्या दाराने येते. अमेरिकेत सरकार बदलते, व्हिसाचा नियम बदलतो आणि इथल्या घरातली झोप उडते. पगार ज्या कामावर अवलंबून आहे, ते काम समुद्रापलीकडून येते. तिकडे कोणी सही केली की इकडचा हप्ता चुकेल, अशी धास्ती असते.

दोन्ही भीतींना पवित्र शास्त्राचे उत्तर एकच आहे. सगळी राष्ट्रे देवाच्या सत्तेखाली आहेत. त्याला मानणारी आणि न मानणारी, मोठी आणि लहान, सगळी. ज्यांना हे पटले आहे, त्यांना देवाने भविष्याचा हिशेब मांडायला बसवलेले नाही. जिथे राहता, तिथल्या लोकांचे भले करा, असे सांगितले आहे.

हे नुसते वाचून सोडू नका. पुढच्या गोष्टी घरात एकेक करून करा.

पहिली गोष्ट: तुकडा वाचू नका, अख्खा अध्याय वाचा

फोनवर आलेले एक वचन घेऊन भाकीत समजत नाही. दानीएलाचे पुस्तक काढा. बारा अध्याय आहेत. रोज रात्री जेवणानंतर एक अध्याय मोठ्याने वाचा. मुलांनाही आळीपाळीने वाचू द्या.

दुसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडते. एक प्रचंड पुतळा. डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावलांत लोखंडाबरोबर माती. मग एक दगड येतो. तो कोणा माणसाच्या हाताने कापलेला नसतो. तो पावलांवर आदळतो आणि सगळा पुतळा चुरा होऊन वाऱ्यावर उडून जातो. राज्यामागून राज्य येते आणि जाते. देवाचे राज्य तेवढे राहते. राजांना बसवणारा आणि उठवणारा देव आहे, हे दानीएल तिथेच सांगतो.

चौथ्या अध्यायात तोच राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरत असतो. हे बाबेल मी बांधले, असे म्हणतो. तोंडातले शब्द संपायच्या आत त्याचे राज्य जाते आणि तो बैलासारखा गवत खात रानात राहतो. पाचव्या अध्यायात बेलशस्सर मेजवानी देतो आणि भिंतीवर बोटे उमटतात. त्याच रात्री तो मारला जातो.

बाबेल पडले ते इ.स.पू. ५३९ मध्ये. पारसाच्या कोरेश राजाने ते घेतले. यशयाच्या ४४ आणि ४५ व्या अध्यायांत याच कोरेशाचे नाव आहे. देव त्याला आपला अभिषिक्त म्हणतो आणि हा मला ओळखत नाही, हेही सांगतो. म्हणजे देवाला ओळखत नसलेल्या राजाकडूनही देवाने आपले काम करून घेतले. कोरेशाचा मातीच्या नळकांड्यावर कोरलेला लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात यहुद्यांचे नाव नाही. पण लोकांना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे त्यात लिहिले आहे. यहुद्यांनाही त्याच काळात यरुशलेमला परतता आले.

अध्याय वाचून झाला की दोन प्रश्न विचारा. इथे देव काय करतो? आणि आपण काय करावे म्हणतो? तिसरा प्रश्न, 'हे कोणत्या साली घडेल,' हा विचारू नका. भाकीत म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे.

दुसरी गोष्ट: तारीख सांगणाऱ्याच्या नादी लागू नका

यिर्मयाचे २७ आणि २८ हे अध्याय शांतपणे वाचा. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन यरुशलेमात फिरत होता. बाबेलच्या राजाखाली राहावे लागेल, हे तो लोकांना डोळ्यांनी दाखवत होता. तेवढ्यात हनन्या नावाचा संदेष्टा पुढे आला. मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत तो म्हणाला, दोन वर्षांत सगळे परत येईल. त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढले आणि मोडून टाकले.

लोकांना ते किती बरे वाटले असेल. यिर्मयाही आधी म्हणाला, आमेन, असे होवो. त्यालाही तेच हवे होते. पण ते खरे नव्हते. हनन्या त्याच वर्षी मेला. यिर्मयाने सांगितलेला काळ सत्तर वर्षांचा होता.

तारीख सांगणारे तेव्हापासून आहेत. अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांच्या मागे लागलेले हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूची वाट पाहत बसले. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. तिथलेच उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. ती गेली, मग ऑक्टोबरमधली दिली. तीही गेली. त्यांच्यावर विश्वासून काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या, साठवलेले पैसे घालवले होते.

प्रभू येशूने सांगितले आहे की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मार्काचा १३ वा अध्याय उघडून स्वतः पाहा. स्वर्गातल्या दूतांना जे ठाऊक नाही, ते व्हिडिओ करणाऱ्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

म्हणून एवढे पाळा. भीती घालणारा निरोप पुढे पाठवू नका. तो तुमच्यापाशीच संपू द्या. 'मी तुमच्या घरासाठी खास भविष्यवाणी करतो,' असे म्हणून पैशासाठी क्यूआर कोड दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आईवडिलांच्या फोनवर असे कोणी जोडलेले आहे का, ते प्रेमाने विचारा. त्यांना रागावू नका. ते एकटे असतात म्हणून ऐकतात. तुम्ही त्यांच्यापाशी बसलात तर त्यांना त्या माणसाची गरज उरणार नाही.

मूल रात्री दचकून उठत असेल, तर 'प्रार्थना कर, झोप' एवढ्यावर सोडू नका. त्याला काय वाटते ते पूर्ण ऐकून घ्या. पाळकसाहेबांशी बोला. गरज वाटली तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात विश्वास कमी असल्याची लाज नाही.

तिसरी गोष्ट: या शहराचा इतिहास मुलांना सांगा

दानीएलातले पुतळ्याचे स्वप्न मुलांना फार दूरचे वाटते. मग त्यांना ते राहतात त्या शहराची गोष्ट सांगा.

१५३७ मध्ये केंपेगौडांनी इथे किल्ला बांधला. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने तो घेतला. त्या फौजेत रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे होते. बंगळूर त्यांची जहागीर झाली. शिवरायांचे वडील याच शहरात राहून कारभार पाहत होते. त्यांच्यानंतर व्यंकोजीराजे आले. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना दिले. पुढे हैदरअली आला, टिपू आला. १७९१ मध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसने किल्ला जिंकला. १७९९ मध्ये टिपू पडला आणि गादी पुन्हा वडियारांकडे गेली. १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार स्वतःकडे घेतला. १८८१ मध्ये तो परत दिला. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला.

यातल्या प्रत्येकाला आपले राज्य टिकेल असे वाटले असेल. किल्ल्याचा जेमतेम एक तुकडा आज के. आर. मार्केटजवळ उभा आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना तिथे घेऊन जा. त्या दगडी दरवाजाखाली उभे राहून त्यांना दानीएलाचा दुसरा अध्याय आठवायला सांगा.

मात्र एक जपा. बंगळूरचे नाव पवित्र शास्त्रात नाही. अमुक राजा का हरला आणि तमुक का जिंकला, याचे कारण देवाने आपल्याला सांगितलेले नाही. जिंकणारा देवाचा लाडका असतो, असेही नाही. यशयाचा दहावा अध्याय पाहा. अश्शूरच्या राजाला देव आपल्या हातातली काठी म्हणतो आणि गर्वापायी त्यालाच शिक्षा करतो. कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारू नये, असे तिथे म्हटले आहे. आज जे सत्तेवर आहेत त्यांनाही हे लागू आहे. तुम्ही मत दिलेल्या पक्षालाही लागू आहे.

चौथी गोष्ट: कोणत्याही देशाचा द्वेष घरात येऊ देऊ नका

आमोस हा संदेष्टा मूळचा मेंढपाळ होता. त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय ऐकणाऱ्यांना आधी आनंद झाला असेल. तो दिमिष्काला दोष देतो, गज्जाला देतो, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, सगळे शेजारी एकेक करून घेतो. मग तो यहूदावर येतो. आणि शेवटी इस्राएलावर, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतो. गरिबाला जोड्याच्या मोलाने विकल्याचा दोष तो त्यांना देतो.

त्याच आमोसाच्या नवव्या अध्यायात देव म्हणतो की इस्राएलाला मिसरातून आणणारा मीच आणि पलिष्ट्यांना व अरामी लोकांना त्यांच्या मुलखातून आणणाराही मीच. ज्यांना इस्राएल शत्रू मानत होते, त्यांच्या वाटचालीतही देवाचा हात होता. योना संदेष्ट्याला निनवे शहराचा राग होता. देवाला तिथल्या लेकरांची आणि गुराढोरांचीसुद्धा कीव आली.

म्हणून जेवताना बातम्या लागल्या की बोलण्यावर लक्ष ठेवा. अमका देश म्हणजे सैतानाचा, तमका समाज संपला पाहिजे, असे मुलांच्या कानावर पडू देऊ नका. बॉम्ब पडतो तेव्हा तिथेही कोणाच्या तरी घरात चूल पेटलेली असते. युद्धाची बातमी आली की दोन्ही बाजूंच्या लेकरांसाठी प्रार्थना करा.

भाकिताचा धाकही कोणाला घालू नका. घरकामाला येणाऱ्या ताईंना, शेजारच्या मुलांना, ऑफिसातल्या दुसऱ्या धर्माच्या मित्राला 'तुमचे काय होणार पाहा' असे म्हणणे शोभत नाही. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात शेवटी राष्ट्रे पुसली गेलेली नाहीत. ती आपापले वैभव घेऊन देवाच्या नगरीत येताना दिसतात. ज्याचा शेवट असा आहे, ते सांगताना आवाजात प्रेम हवे.

पाचवी गोष्ट: अकराव्या वचनाआधीचे सातवे वचन वाचा

तुमच्यापैकी अनेकांच्या हॉलमध्ये यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले अकरावे वचन फ्रेम करून लावलेले आहे. देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत, आपल्याला भविष्य आणि आशा आहे, असे ते वचन. ते ज्या पत्रातले आहे, ते पत्र पूर्ण वाचा.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातून हजारो लोक पकडून नेले. त्यांना यिर्मयाने हे पत्र लिहिले. ते घरी परतायची स्वप्ने पाहत होते. यिर्मयाने लिहिले की घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, फळे खा, मुलांची लग्ने करा. आणि सातव्या वचनात, ज्या शहरात तुम्हाला पाठवले आहे त्याच्या हितासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे.

ते शत्रूचे शहर होते. त्यांना बळजबरीने नेले होते. तुम्ही तर आपल्या पायांनी आलात, आणि या शहराने तुम्हाला पोटाला दिले. मग तुम्हाला हे किती जास्त लागू आहे.

कन्नड शिका. मुलांना शाळेत आहेच, तुम्हीही शिका. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या पहारेकऱ्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोला. 'आमच्याकडे असे नसते' हे बोलणे कमी करा.

घरकामाला येणाऱ्या ताईंना आठवड्याची सुट्टी द्या. आजारी पडल्या तर पगार कापू नका. आमोसाने जोड्याचे मोल काढले ते याच हिशेबातले आहे.

पाणी जपून वापरा. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी काय झाले ते तुम्ही पाहिले. बेळ्ळंदूर तलावाला २०१७ मध्ये आग लागली; तो आपल्याच घरांतल्या सांडपाण्याने भरलेला होता. उलट कैकोंड्रहळ्ळीचे तळे आसपासच्या रहिवाशांनी पालिकेबरोबर खपून पुन्हा जिवंत केले. अशा कामात मंडळीतली चार माणसे रविवारच्या उपासनेनंतर गेली, तर तीही देवाची सेवाच आहे.

सप्टेंबर २०२२ च्या पुरात सर्जापूर रोडवरच्या महागड्या बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले. मोटारी बुडाल्या. त्याच रात्री पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांचे धान्य आणि अंथरूण भिजले. पुढच्या पावसाळ्याआधी मंडळीत एक यादी करा. कोणाकडे वरच्या मजल्यावर जागा आहे, कोण जेवण करू शकेल, जवळच्या वस्तीत कोणाला विचारायचे.

मतदार यादीत नाव घाला. कर भरा. या शहरासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. जे सत्तेवर आहेत त्यांच्यासाठीही करा, मग ते तुम्हाला आवडोत वा न आवडोत.

सहावी गोष्ट: नोकरीच्या भीतीची तयारी करा

दानीएल स्वतः सरकारी नोकर होता. त्याने राजा बदलताना पाहिला, राज्य बदलताना पाहिले. आठव्या अध्यायात राष्ट्रांविषयीचे एक दर्शन पाहून तो इतका हादरला की काही दिवस आजारी पडला. त्यानंतर काय केले? उठला आणि राजाच्या कामाला लागला. ते दर्शन त्याला पुरते कळलेही नव्हते. तुम्हीही तसेच करा. उद्याचे काम नीट करा.

आणि घराची घडी बसवा. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक हळूहळू बाजूला काढा. कंपनीच्या विम्यावर विसंबून राहू नका, आईवडिलांसह घरच्यांचा वेगळा विमा असू द्या. कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला असेल, तर एक पगार गेला तर काय करायचे ते आज ठरवा. कागदपत्रे कुठे आहेत, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक हवे. देवावरचा विश्वास आणि ही तयारी यांत भांडण नाही. योसेफानेही मिसरात सात वर्षे धान्य साठवले.

नोकरी गेलीच, तर लपवू नका. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडणारी आणि दिवसभर कुठेतरी बसून परतणारी माणसे असतात. घरच्यांना सांगा. मंडळीला सांगा. आणि मंडळीने अशा घराला उपदेश करू नये. किराणा भरावा, शाळेची फी विचारावी, नोकरीसाठी ओळखीच्या चार जणांना फोन करावा.

सातवी गोष्ट: आपल्या लोकांकडून शिका

हे सगळे आपल्या माणसांनी करून दाखवले आहे. पंडिता रमाबाई १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथे जन्मल्या. १८७४ च्या दुष्काळी दिवसांत त्यांचे आईवडील गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. दुष्काळ पाहून जगाच्या अंताची तारीख काढत त्या बसल्या नाहीत. प्रभूच्या येण्याची वाट मात्र त्या मनापासून पाहत होत्या.

वाट पाहता पाहता त्यांनी शेती उभी केली, विणकाम सुरू केले, छापखाना घातला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना ते कळावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ बाहेर आला. देवाच्या सत्तेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे हात कसे चालतात, ते मुलांना केडगावला नेऊन दाखवा. दिवाळीत गावी जाताना पुण्याहून दौंडच्या वाटेवर ते लागते.

आता या आठवड्यात काय कराल?

आज रात्री दानीएलाचा पहिला अध्याय वाचा. भीतीचे निरोप येणारे दोन-तीन ग्रुप बंद करा, आणि का बंद केले ते घरात सांगा. आईवडिलांना फोन करून त्यांना कशाची काळजी वाटते ते विचारा. घरकामाच्या ताईंशी सुट्टीचे बोला. शेजारच्या एका कन्नड घराशी ओळख करून घ्या. आणि रविवारी उपासनेत बंगळूरचे नाव घेऊन प्रार्थना करा, इथल्या रस्त्यांसाठी, पाण्यासाठी, मजुरांसाठी आणि राज्य करणाऱ्यांसाठी.

राष्ट्रांचे काय करायचे ते देवाला ठाऊक आहे. तुमच्या वाट्याला आलेले काम तुमच्या दाराबाहेरच आहे. ते उद्या सकाळी सुरू करा.